बोरिस येफिमोव: स्टालिनच्या काळातला हा व्यंगचित्रकार शाळकरी मुलांना दाखवावा का?

नौपाडा_रेषा

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्यात शनिवार-रविवार ड्रॉईंगचा क्लास घेते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं आहेत, बहुतेक सातवी ते नववीची. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळं घोटून झालं की महिन्यातून एक तास मी त्यांना एखादा व्यंगचित्रकार दाखवते. आतापर्यंत लक्ष्मण झाले, शंकर झाले, बाळासाहेबांची मार्मिकमधली चित्रं झाली, डेव्हिड लो झाला. मुलांना हा तास फार आवडतो, कारण त्यात मार्क नसतात.

आता मुद्दा असा की माझे सासरे वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. त्यांच्या ट्रंकेत सोव्हिएत मासिकं, कामगार चळवळीची पत्रकं, असं बरंच काही निघालं आणि त्यात एक जाड रशियन अल्बम सापडला, पूर्ण व्यंगचित्रांचा. मजकूर सगळा रशियन लिपीत. आमच्या सोसायटीत एक काका आहेत ते पूर्वी कामानिमित्त मॉस्कोला राहिलेले, त्यांनी नाव वाचून दिलं, बोरिस येफिमोव. चित्रं बघून मी अक्षरशः खिळून गेले. एका चित्रात एक अमेरिकन जनरल बर्फाच्या प्रदेशात रणगाडे, विमानं, तोफा सगळा फौजफाटा घेऊन घुसलाय आणि समोर उभी आहेत ती तिथली साधी माणसं. जनरलचं बोट त्यांच्याकडे आणि चेहऱ्यावर असा आव की जगावर संकट आलंय. एक शब्द वाचता येत नाही तरी चित्र कळतं. रेघ तर इतकी स्वच्छ की कुठे खोडलंय असं वाटतच नाही.

मग नेटवर थोडं वाचलं आणि अडकले. हा माणूस १०८ वर्षं जगला, स्टालिनसाठी चित्रं काढली, आणि त्याच स्टालिनच्या राजवटीत त्याच्या सख्ख्या भावाला गोळ्या घातल्या. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर तो पुढे चित्रं काढत कसा राहिला? एका पालकांशी सहज बोलले तर ते म्हणाले की हा सरकारी प्रचार आहे, मुलांना कशाला दाखवता. मला त्यांचं म्हणणं टाकून द्यावंसं वाटत नाही पण चित्रं लपवून ठेवावीत असंही वाटत नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

कोपरीकर

ताई, खरं आहे. मी रशियन इतिहास गेली बरीच वर्षं वाचतोय, येफिमोव हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

जन्म २८ सप्टेंबर १९०० चा, कीवचा. मूळ आडनाव फ्रिडल्यांड, ज्यू कुटुंब, वडील चपला-बूट बनवायचे. वडिलांचं नाव येफिम, त्यावरून पुढे त्याने येफिमोव हे नाव घेतलं. लहानपण गेलं बियालिस्तोक गावात, जे आज पोलंडमध्ये आहे. थोरला भाऊ मिखाईल, त्याने लेखनासाठी कोल्त्सोव हे नाव घेतलं. म्हणजे दोघे सख्खे भाऊ आणि दोघांची आडनावं वेगळी, त्यामुळे पुष्कळ लोकांना हे भाऊ आहेत हे कळतच नाही.

येफिमोव आर्ट स्कूलमध्ये कधी शिकलेला नाही हे तुमच्या मुलांना नक्की सांगा. कायद्याचं शिक्षण सुरू केलं होतं, मध्ये क्रांती आली, यादवी युद्ध आलं, आणि हा कीवमध्ये लाल सैन्याच्या वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढायला लागला. पहिलं छापील चित्र त्याच्याही आधीचं, १९१६ चं, रशियन संसदेचा अध्यक्ष रोद्झ्यांको याच्यावरचं, तेव्हा हा शाळकरी पोरगा. १९२२ मध्ये मॉस्कोला आला कारण भाऊ तिथे आधीच प्रावदा या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात नाव कमवत होता. मग प्रावदा, इझ्वेस्तिया हे सरकारी वर्तमानपत्र, क्रोकोडील, ओगोन्योक हे सचित्र साप्ताहिक, सगळीकडे येफिमोव. क्रोकोडील म्हणजे मगर, त्यांचं प्रसिद्ध विनोदी मासिक, म्हणायला मासिक पण महिन्यातून तीनदा निघायचं आणि पुढे त्याचा खप लाखांत गेला.

१९२४ मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला आणि त्याला प्रस्तावना होती ट्रॉट्स्कीची. तेव्हा ट्रॉट्स्की म्हणजे लाल सैन्याचा निर्माता, लेनिननंतरचं सगळ्यात मोठं नाव. तरुण चित्रकाराला अशी प्रस्तावना मिळणं ही केवढी गोष्ट! चार वर्षांत ट्रॉट्स्की अल्मा-आताला (दूर कझाकस्तानात) हद्दपार, त्याच्या पुढच्या वर्षी देशाबाहेर, आणि ज्याने प्रस्तावना लिहिली त्याच माणसाला येफिमोवला देशद्रोही म्हणून रंगवावं लागलं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. बुखारिन या बड्या बोल्शेविक नेत्याचंही तेच. तो इझ्वेस्तियाचा संपादक होता, म्हणजे येफिमोवचा साहेबच. मार्च १९३८ च्या खटल्यात बुखारिन पिंजऱ्यात उभा होता आणि येफिमोव तिथे बसून त्याची चित्रं काढत होता. त्याच महिन्यात बुखारिनला गोळ्या घातल्या.

आता भावाचं. कोल्त्सोव हा त्या काळातला सोव्हिएत पत्रकारितेतला सगळ्यात मोठा माणूस, ओगोन्योक त्यानेच पुन्हा सुरू केलं, क्रोकोडीलचा संपादक होता, स्पेनच्या यादवी युद्धात वार्ताहर म्हणून गेला आणि नुसता वार्ताहर नाही, तिथल्या राजकारणात पण होता. हेमिंग्वे त्याला तिथेच भेटला, त्याच्या स्पेनवरच्या कादंबरीत कारकोव नावाचं पात्र आहे ते कोल्त्सोववरून घेतलेलं. स्पेनहून आल्यावर त्याने स्टालिन आणि मंडळींसमोर सगळा अहवाल दिला. निघताना स्टालिनने विचारलं की तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे का, हा म्हणाला आहे, तर स्टालिन म्हणाला की मग स्वतःला गोळी मारून घ्यायचा विचार नाही ना? हा प्रसंग कोल्त्सोवने घरी येऊन धाकट्या भावाला सांगितला आणि धाकट्याने तो कित्येक वर्षांनी आठवणींत लिहिला. डिसेंबर १९३८ मध्ये प्रावदाच्या ऑफिसातून कोल्त्सोवला उचललं. २ फेब्रुवारी १९४० ला गोळ्या घातल्या.

येफिमोवला कोणी अटक केली नाही पण काम बंद झालं. "जनतेच्या शत्रूचा" भाऊ, त्याचं चित्र कोण छापणार? त्या काळात त्याने साल्तिकोव-श्चेद्रिन या जुन्या विडंबनकाराच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून दिवस काढले. १९४० मध्ये सरकारप्रमुख मोलोटोव्हने हिरवा कंदील दाखवल्यावर परत राजकीय चित्रं सुरू झाली.

पुढचं थोडक्यात. युद्धात हिटलरविरोधी चित्रं, मग नाझी नेत्यांवरच्या न्युरेम्बर्ग खटल्याला प्रत्यक्ष हजर, गोरिंगला समोर बघून स्केचेस. १९५० आणि १९५१ ला स्टालिन पारितोषिक, १९६७ ला सोव्हिएत संघाचा जनकलाकार, १९९० ला समाजवादी श्रमवीर. २००७ मध्ये १०७ व्या वाढदिवसाला इझ्वेस्तियाने त्याला मुख्य चित्रकार म्हणून नेमलं, आणि १ ऑक्टोबर २००८ ला मॉस्कोत गेला. झारच्या काळात पहिलं चित्र छापून आलं आणि पुतिनच्या काळात नोकरीवर होता, असा दुसरा व्यंगचित्रकार मला तरी माहीत नाही.

---

खारघर_हिल्स

माहिती छान पण माझं मत सरळ आहे, दाखवू नका. व्यंगचित्रकाराचं काम काय? खुर्चीत बसलेल्याला टोचणं. आपल्याकडे शंकरने नेहरूंना सोडलं नाही आणि नेहरूंनीच त्याला सांगितलं होतं की मलाही सोडू नकोस. १९७५ ला आणीबाणीत शंकर्स वीकली बंद झालं. लक्ष्मणांनी इतके पंतप्रधान काढले, प्रत्येकाला कुठे ना कुठे खुपलं. आणि हा येफिमोव? याने आयुष्यभर खुर्चीत बसलेल्याच्या बोटाकडे बघून चित्रं काढली. बोट ट्रॉट्स्कीकडे तर ट्रॉट्स्की, बुखारिनकडे तर बुखारिन, युगोस्लाव्हियाच्या टिटोकडे तर टिटो. टिटोला कसाई म्हणून काढला आणि पुढे क्रुश्चेव्ह जाऊन त्याच टिटोशी हात मिळवून आला!

यात व्यंग कुठे आहे? ज्याच्यावर आधीच गोळी झाडायचं ठरलंय त्याची टिंगल करायची, याला मी व्यंगचित्र म्हणत नाही. येझोवचं ते १९३७ चं चित्र बघा कोणीही. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव, हातात काटेरी लोखंडी मोजा घातलाय आणि त्या मुठीत अनेक डोक्यांचा साप आवळतोय. त्या एका वर्षात लाखो माणसं उचलली गेली, कित्येकांना लगेच मारलं आणि हा माणूस त्या मुठीला हिरो करतोय. रेघ स्वच्छ आहे म्हणून मुलांसमोर ठेवायचं का? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

---

शाईदौत

मी व्यंगचित्रकार नाही, ठाण्यातच एका छापखान्यात आयुष्य गेलं, लेटरप्रेस ते ऑफसेट सगळं बघितलं. राजकारणाचं तुम्ही बोला, मी रेघेबद्दल बोलतो कारण ताईंनी लिहिलंय की खोडलेलं वाटत नाही आणि त्यामागे कारण आहे.

त्या काळात वर्तमानपत्रात चित्र जायचं ते झिंकच्या ब्लॉकवरून. चित्राचा फोटो काढायचा, जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, ॲसिडने बाकीचा भाग खायचा, उरते ती रेघ, ती लाकडावर ठोकून टाईपाच्या उंचीला आणायची. याला आम्ही लाईन ब्लॉक म्हणायचो. याच्यात राखाडी नाही, एकतर काळं नाहीतर पांढरं. राखाडी पाहिजे तर हाफटोन, आणि वर्तमानपत्राच्या भुसभुशीत कागदावर हाफटोन म्हणजे बहुतेक वेळा चिखल. त्यात रोटरी मशिनवर शाई पातळ, स्पीड जास्त, बारीक रेघा जवळ जवळ आल्या की शाई भरून एक काळा डाग. म्हणून जो चित्रकार रोज वर्तमानपत्रात छापून यायचा त्याला मशीनने शिकवलेलं असायचं की दोन रेघांत किती जागा सोडायची. चित्र मोठं काढायचं, ब्लॉकमध्ये लहान करायचं, मग हाताचा थरथरपणाही लहान होतो. येफिमोवच्या चित्रात बघा, पार्श्वभूमी जवळजवळ नसतेच, बरंचसं पांढरं मोकळं, बाह्यरेषा ठाम, आणि काळा भरलेला भाग एखाद-दुसऱ्या ठिकाणीच, कोट किंवा टोपी किंवा बूट. डोळा बरोबर तिथेच जातो. लक्ष्मणांच्या ब्रशच्या रेघेतही हेच आहे, फक्त ते गर्दी काढायचे आणि तरीही गर्दी भरून जायची नाही, ते फार अवघड आहे.

युद्धातली चित्रं वेगळी. तेव्हा मॉस्कोत तास (म्हणजे सोव्हिएत वृत्तसंस्था TASS) विंडोज म्हणून प्रकार होता, जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केल्यावर काही दिवसांतच सुरू झाला. मोठमोठी पोस्टर्स, पण छापलेली नाहीत, स्टेन्सिल कापून हाताने रंगवलेली. प्रत्येक रंगाला वेगळं स्टेन्सिल, कागदाचे तुकडे जोडून माणसापेक्षा उंच चित्र, आणि ती दुकानांच्या रिकाम्या काचांत लावायची. खाली चार ओळी कविता, त्या मार्शाकसारखे नावाजलेले कवी लिहायचे. येफिमोव त्यात होता आणि ते तिघे पण, कुप्रियानोव, क्रिलोव, सोकोलोव, जे तिघे मिळून एका नावाने सही करायचे, कुक्रिनिक्सी. तीन माणसं एक चित्र काढतात आणि शेवटपर्यंत भांडत नाहीत, हे मुलांना नक्की सांगण्यासारखं आहे.

येफिमोवचं एक युद्धकाळातलं चित्र माझं आवडतं. खरा आर्य कसा असावा? उंच, सडपातळ आणि सोनेरी केसांचा. आणि उदाहरण म्हणून कोण? उंचीला बुटका गोबेल्स, सडपातळपणाला गोरिंगचं पोट आणि सोनेरी केसांना काळ्या बटेचा हिटलर. चित्रात एक शिवी नाही. त्यांच्याच दाव्याशेजारी त्यांनाच उभं केलं, संपलं काम. चौदा वर्षांच्या मुलाला व्यंगचित्र म्हणजे काय हे याच्यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

---

नौपाडा_रेषा

शाईदौत काका, हे तर मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं, मनापासून आभार. खारघर_हिल्स, तुमचं म्हणणं मला टोचलं आणि ते टोचायलाच हवं होतं. येझोवचं चित्र मी शोधून बघितलं, अंगावर येतं.

कोपरीकर, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, भावाला मारल्याचं त्याला लगेच कळलं होतं का? दोन, त्या बर्फातल्या जनरलच्या चित्राची काही गोष्ट आहे का, कारण आमच्या काकांनी खालचा मजकूर वाचताना नुसतं म्हटलं की हे तर फार प्रसिद्ध चित्र आहे आणि मग त्यांना फोन आला आणि विषय राहिला.

---

कोपरीकर

ताई, पहिल्याचं उत्तर फार वाईट आहे. नाही कळलं. येफिमोव भावाची चौकशी करत थेट उल्रिखपर्यंत पोचला, हा लष्करी न्यायाधीश, ज्याच्या सहीने हजारो लोक गेले. उल्रिखने त्याला बसवून शांतपणे सांगितलं की तुमच्या भावाला दहा वर्षांची शिक्षा झालीय, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. घरच्यांनी काय समजायचं? की जिवंत आहे, कुठेतरी छावणीत आहे, दहा वर्षांनी येईल. खरं तर हे वाक्य ज्यांना आधीच मारून टाकलंय त्यांच्या घरच्यांना सांगायचं ठरलेलं होतं. घरच्यांनी वर्षं मोजत बसायचं आणि तिकडे माणूस नाहीच. कोल्त्सोव निर्दोष असल्याचं सरकारने कागदावर मान्य केलं ते १९५४ च्या शेवटी, स्टालिन मेल्यावर.

आणि आता दुसरी गोष्ट ऐका म्हणजे ती पहिलीला कशी जोडलेली आहे ते कळेल. ते चित्र १९४७ चं, जनरल म्हणजे आयझेनहॉवर. शीतयुद्ध नुकतं सुरू होत होतं आणि अमेरिका आर्क्टिकमध्ये सैन्य आणतेय, तिकडून रशियाचा धोका आहे म्हणून, अशा बातम्या होत्या. स्टालिनला यावर चित्र हवं होतं. स्टालिनचा जवळचा सहकारी झ्दानोव, त्याने येफिमोवला बोलावून स्टालिनची कल्पना सांगितली, आयझेनहॉवर मोठी फौज घेऊन बर्फात घुसतोय आणि शेजारचा एक साधा अमेरिकन विचारतोय की जनरल, एवढ्या शांत जागी एवढी धावपळ कशासाठी, आणि जनरल म्हणतो की दिसत नाही का, इथूनच तर आपल्याला धोका आहे. म्हणजे चित्राची कल्पना, पात्रं, संवाद, सगळं स्टालिनचं. येफिमोव घरी येऊन कामाला बसला, विचार करत होता की निवांत करू, तर फोन वाजला आणि पलीकडे खुद्द स्टालिन. चित्र कधी मिळणार म्हणून विचारणा, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाहिजे असा निरोप. तुम्ही विचार करा, ज्याने भावाला नेलं त्याचा आवाज कानात आणि हातात ब्रश! चित्र वेळेत गेलं. मग झ्दानोवने परत बोलावून दाखवलं की स्टालिनने स्वतः पेन्सिलने खालच्या मजकुरात दुरुस्त्या केल्यात. ते तसंच प्रावदात छापून आलं.

येफिमोवने हे सगळं म्हातारपणी न लपवता लिहिलंय. तो असं म्हणत नाही की मी लढलो. भीती होती, घर होतं, आणि स्टालिनबद्दल त्याच्या मनात एकाच वेळी द्वेष आणि कृतज्ञता दोन्ही होतं, कारण भावाला मारलं पण याला जगू दिलं. मला हे वाचून त्याचा राग येत नाही. ज्यांनी नकार दिला ते तर उरलेच नाहीत.

---

वाशी_सेक्टर_१७

इतका वेळ नुसतं वाचत होतो, पण सुरुवातीला ताईंनी डेव्हिड लोचं नाव घेतलं म्हणून लिहितो, कारण लो आणि येफिमोव शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा तास पूर्णच होणार नाही.

डेव्हिड लो न्यूझीलंडचा, लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्डमध्ये काढायचा, लक्ष्मण आणि बाळासाहेब दोघांवर त्याचा प्रभाव. त्याच्या हिटलरवरच्या चित्रांनी जर्मन सरकार इतकं चिडलं की १९३७ मध्ये त्यांनी ब्रिटिश मंत्री हॅलिफॅक्सकडे तक्रार केली आणि हॅलिफॅक्सने लंडनला येऊन लोला जरा सांभाळून घ्यायची विनंती केली. आता येफिमोवचं बघा, त्याच्याही चित्राने एका सरकारला राग आलाय. डिसेंबर १९२६ मध्ये लिथुआनियात चार कम्युनिस्टांना मृत्युदंड दिला गेला, त्यावर त्याने इझ्वेस्तियात ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेनला टाळ्या वाजवताना दाखवला. फेब्रुवारी १९२७ मध्ये ब्रिटनने सोव्हिएत सरकारला जे निषेधपत्र धाडलं त्यात या चित्राचा उल्लेख होता. पोरगा सव्वीस वर्षांचा आणि त्याचं चित्र दोन देशांच्या सरकारी कागदात!

पण खरा फरक कळतो तो १९३९ मध्ये. ऑगस्टमध्ये हिटलर-स्टालिन करार झाला. सप्टेंबरमध्ये लोने ते चित्र काढलं, हिटलर आणि स्टालिन एकमेकांना वाकून टोप्या काढून नमस्कार करतायत, तोंडाने शिव्या देतायत आणि मध्ये पोलंडचं प्रेत पडलंय. आणि मॉस्कोत? तिथे हिटलरची चित्रं काढणंच थांबलं. जवळजवळ दोन वर्षं, २२ जून १९४१ पर्यंत. त्या तारखेला जर्मन सैन्य आत घुसलं आणि मग परत सगळ्यांचे ब्रश सुटले. हात तेच, कसब तेच, हिटलरही तोच, तरी दोन वर्षं चित्र नाही. मुलांना जे चित्र नाही तेही दाखवा, वहीतलं एक पान कोरं ठेवा आणि वर लिहा सप्टेंबर १९३९ ते जून १९४१.

म्हणून खारघर_हिल्स, तुमच्याशी मी अर्धा सहमत आहे. येफिमोवला लोच्या रांगेत बसवू नये. पण न दाखवणं म्हणजे मुलांना असं सांगणं की व्यंगचित्र हे नेहमी शूर माणसाच्या हातात असतं, आणि ते खरं नाहीये.

---

खारघर_हिल्स

कोरं पान ही कल्पना मला पटली, हे कबूल. उल्रिखचं वाचून रात्री झोप लागली नाही. तरी माझी अट राहील ताई, दाखवणार असाल तर येझोवचं चित्र वगळू नका. तेच चित्र वगळून फक्त हिटलर आणि आर्य वगैरे दाखवलं तर तो पालक म्हणतो तसा प्रचारच होईल, उलट्या बाजूने.

आणि त्याच्यासोबत या तारखा सांगा. ज्याची मूठ याने इतक्या अभिमानाने रंगवली तो येझोव स्वतः एप्रिल १९३९ मध्ये पकडला गेला आणि ४ फेब्रुवारी १९४० ला त्यालाही गोळ्या घातल्या. कोल्त्सोव २ फेब्रुवारीला. दोन दिवसांचं अंतर! ज्याने साप आवळला तो आणि ज्याला साप ठरवलं तो, दोघे एकाच आठवड्यात संपले आणि चित्र काढणारा पुढे अडुसष्ट वर्षं जगला. याच्यावर मुलं काय बोलतील ते मला खरंच ऐकायचंय.

---

कोपरीकर

ही तारखांची जोडी मी इतकी वर्षं वाचूनही शेजारी ठेवून बघितली नव्हती. एक जोडतो, कोल्त्सोवला नेलं तेव्हा येझोव गुप्त पोलिसांच्या खुर्चीवरून उतरलेला होता, नोव्हेंबर १९३८ मध्येच बेरिया तिथे आला होता. म्हणजे मुलांनी विचारलं की येझोवनेच मारलं का तर नाही म्हणून सांगा, माणूस बदलला तरी मूठ तीच राहिली.

---

नौपाडा_रेषा

सगळ्यांचे खूप आभार, माझं ठरलं. दाखवणार. एकच तास पुरणार नाही म्हणून दोन रविवार घेते, आणि त्या पालकांनाही बोलावते, त्यांनी मागे बसून ऐकावं आणि पटलं नाही तर मुलांसमोरच बोलावं.

क्रम असा डोक्यात आहे, पहिल्या रविवारी नाव, जन्म, भाऊ काही सांगायचं नाही. फक्त चार चित्रं भिंतीवर. आर्य कसा असावा ते, चेंबरलेनचं, आयझेनहॉवरचं आणि येझोवचं. मुलांनी प्रत्येकाखाली लिहायचं की हा चित्रकार कोणाच्या बाजूने आहे आणि कोणाला घाबरतो असं वाटतं का. लिहून झालं की वह्या जमा. दुसऱ्या रविवारी कोल्त्सोव, उल्रिख, स्टालिनचा फोन, लोचं पोलंडवालं चित्र आणि वाशीकरांचं कोरं पान, आणि मग वह्या परत देऊन त्यांना वाटलं तर उत्तर बदलायला सांगायचं. जुनं उत्तर खोडायचं नाही, खाली नवीन लिहायचं.

शाईदौत काका, एक विनंती, तुमच्याकडे जुना लाईन ब्लॉक एखादा असेल तर पहिल्या रविवारी आणाल का? मुलांनी तो हातात धरून बघावा असं वाटतं. नौपाड्यातच आहे क्लास, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं.

---

शाईदौत

आहेत की, तीन-चार ठेवलेत मी, त्यातला एक व्यंगचित्राचाच आहे, जुन्या दिवाळी अंकाचा. सोबत छोटा रबरी रोलर आणि काळी शाई आणतो, तुम्ही जुने पेपर आणि रॉकेलची बाटली ठेवा हात पुसायला. प्रत्येक मुलाला एकेक ठसा काढू दे. पहिला ठसा बिघडणारच, शाई जास्त होते, तोही फेकू देऊ नका, दोन्ही शेजारी ठेवून बघू कुठल्या रेघा भरून गेल्या. वेळ कळवा.